खिडकीपाशी ठेवलेली खुर्ची

आईची शेगडी लोरेलनं अंगणात फेकली, तेव्हाच मी ठरवलं, हिला एक दिवस खरी थंडी दाखवायची.

लोरेल माझ्या भावाची बायको, होबार्ट शहरातली. लग्न होऊन ती आईच्या घरात राहायला आली. आमच्या ह्युऑन खोऱ्यात लाकूड फोडलं की दोन उन्हाळे वाळवतात, मगच जाळतात. हिला कुठला एवढा दम! तिनं नुकतीच तोडलेली ओली लाकडं शेगडीत कोंबली, वर हवा आत सोडणारी झडपही बंद केली. घरभर धूर झाला आणि शिव्या खाल्ल्या शेगडीनं. भिंतीवर खोली गरम करणारं विजेचं यंत्र बसलं. आईच्या लग्नापासूनची लोखंडी शेगडी पावसात भिजत पडली, ती मी उचलून माझ्या घरी आणली.

शेगडीच्या जागी टीव्ही आला, आईची खुर्ची खिडकीपाशी गेली. भेटायला जावं तर तिचे हात बर्फासारखे.

"यंत्राची ऊब अंगाला लागतच नाही गं, थेल्मा," ती म्हणायची.

"ब्लँकेट घ्या आणि नाटकं बंद करा!" लोरेल आतून ओरडायची.

त्याच हिवाळ्यात आई गेली. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया. मी म्हणते लोरेल. खुर्ची आणि ब्लँकेट मी मागून घेतलं.

यंदा जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, बर्फानं झाडं तारांवर आडवी झाली, खोऱ्याची वीज गेली. भाऊ बाहेरगावी होता. दुसऱ्या दिवशी दुपारी लोरेल माझ्या दारात उभी, ओठ निळे पडलेले.

"थेल्मा, घर नुसतं गारठलंय गं. येऊ आत?"

"ये की. शेगडी ओळखलीस ना?"

शेगडीवर किटली खळखळत होती. समोर कुत्रा पोट वर करून पसरला होता. वाळक्या लाकडाची ऊब थेट हाडांत शिरते. लोरेल हात पसरून पुढे धावली. मी आडवी गेले.

"इथं नाही. तुझी जागा तिकडे."

आईची खुर्ची मी खिडकीपाशीच ठेवली होती, फटीतून वारा येतो तिथं. लोरेल मुकाट्यानं बसली. थोड्या वेळानं तिचे दात वाजायला लागले.

"जरा पुढे सरकू का गं?"

मी आईचं ब्लँकेट तिच्या मांडीवर टाकलं.

"ब्लँकेट घ्या," मी म्हणाले, "आणि नाटकं बंद करा."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. मला मुळीच वाईट वाटलं नाही. मी शेगडीत आणखी एक लाकूड सारलं, कुत्र्याला थोडं सरकवलं आणि त्याच्या शेजारी पाय शेकत बसले.