कुरडयांशेजारी वाळलेली फ्लॉपी

मित्रांनो, मी पापड नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एक जुनी फ्लॉपी आहे, काळी, चौकोनी, तळहाताहून जराशी मोठी. तुमच्या पेन ड्राइव्हची पणजी म्हणा हवं तर.

चाळीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेत संगणकासाठी नवी भाषा तयार झाली. त्या भाषेत लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा दुभाषा, म्हणजे कंपायलर, तिथल्या सयाजी सरांनी माझ्यात उतरवला. तेव्हा माझा मान काय विचारता! हात धुतल्याशिवाय मला कुणी उचलत नसे. मग नवे संगणक आले, माझ्या बहिणी भंगारात गेल्या आणि सर निवृत्त होऊन मला घेऊन आपल्या गावी, डिंगोऱ्याला आले. बारा वर्षांपूर्वी ते वारले. त्याआधी पत्नीला, प्रयागबाईंना, म्हणाले, "हिला जप."

बाईंनी जपलं हो. ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत, कडुलिंबाच्या पाल्यात मी सुखात होते.

यंदा चैत्रात फोन आला. तो पुण्याच्या हर्षालीचा; ती हरवलेले जुने कंपायलर शोधून जतन करते. आमच्या भाषेतले प्रोग्रॅम कागदावर गठ्ठ्यांनी पडून होते, पण ते चालवणारा दुभाषा कुठंच उरला नव्हता. दोन वर्षं ती दारोदार विचारत फिरली होती. शुक्रवारी येते म्हणाली. मी तर हरखून गेले.

"पावण्यांच्या हातात अशी कोंदट वस्तू द्यायची व्हय? जरा ऊन दावते," बाई स्वतःशीच म्हणाल्या. गुरुवारी सकाळी त्यांनी मला फडक्यानं पुसून गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ठेवलं. दुसऱ्या बाजूलाही ऊन लागावं म्हणून भर दुपारी येऊन उलटलं. किती मायेनं उलटलं! माझं अंग आकसत होतं, कड वाकत होती. ओरडायला तोंड नाही, सरकायला पाय नाहीत. कुरडया मात्र छान खडखडीत वाळल्या.

शुक्रवारी मला पाहताच हर्षालीचा चेहरा उतरला. तरी तिनं सोबत आणलेल्या जुन्या यंत्रात मला हळूच सरकवलं. मी जीव तोडून फिरले. सुरुवातीच्या चार ओळी निघाल्या, सरांचं नाव निघालं. पुढे नुसती खरखर. तिनं पुन्हा घातलं, पुन्हा घातलं. शेवटी विचारलं, "आजी, ही कुठं ठेवली होती?"

"ट्रंकेत. पर काल दिसभर लई चांगलं ऊन दावलंय," बाई म्हणाल्या. "यांनी जप म्हनून सांगितलं व्हतं. नीट हाय ना, पोरी?"

हर्षालीनं मला यंत्रातून बाहेर काढलं. मग म्हणाली, "सरांचं नाव निघालं, आजी."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि तिला बांधून द्यायला कुरडया आणायला उठल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण जपण्याआधी त्यांना काय सोसतं, ते कुणा जाणत्याला विचारून घ्या. बाईंवर माझा राग नाही. फक्त त्या दुपारी त्या मला उलटायला आल्या, तेव्हा एकदाच बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, बाई, मला सावलीत घ्या.