मधेच थांबलेल्याची आवराआवर

ऑफिसात तिला सगळे टापटीप म्हणत, आणि तेही तोंडावर. टेबलावर कपाचा गोल डाग दिसला की ही बाई आधी डाग पुसणार आणि मग बोलणार, म्हणून हे नाव. तिला त्याचा राग नव्हता. पन्नाशीला टेकलेल्या बाईला याहून वाईट नावं पडतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

कंपनी तशी लहान. एका इमारतीचा तिसरा मजला आणि तीसेक माणसं. नवजात बाळांना थेंबाथेंबाने औषध देणारा पंप बनवायचा आणि त्याच्या पोटातला प्रोग्राम लिहायचा, हा त्यांचा धंदा. नर्सने बाळाचं वजन भरलं की पंप औषधाचं माप ठरवतो. वजन भरलं नाही तर त्याने सुरू होता कामा नये. सव्वातीन किलोच्या बाळाचं माप सव्वा किलोच्या बाळाला लागलं तर काय होईल, हे तिथे कोणी मोठ्याने बोलत नसे, पण विसरतही नसे.

टापटीप त्या प्रोग्रामच्या टेस्ट लिहायची. अशा चारशे बारा टेस्ट होत्या. प्रोग्राममध्ये कोणी एक ओळ जरी बदलली तरी त्या सगळ्या आपोआप चालत. प्रत्येक टेस्टच्या आधी मांडामांड व्हायची : खोटा पंप, खोटं बाळ, खोटं वजन. टेस्ट संपली की आवराआवर, म्हणजे सगळं पुसून पाटी कोरी. मागच्या टेस्टमधलं काहीही पुढच्या टेस्टला दिसता कामा नये, एवढा साधा नियम. तो मोडला की टेस्ट खोटं बोलायला लागतात, आणि खोटं बोलणारी टेस्ट असण्यापेक्षा नसलेली बरी, असं ती येईल त्या नवशिक्याला ऐकवायची.

सोमवारपासून यातली एक टेस्ट तिला छळत होती. टेस्ट साधी होती : नवं बाळ, वजन भरलेलं नाही, पंप सुरू करायचा, आणि पंपाने नकार द्यायचा. एकटी चालवली की पठ्ठी शंभर वेळा पास. बाकीच्यांबरोबर चालवली की दहातून एकदा नापास, कारण पंप नकार द्यायच्या ऐवजी खुशाल सुरू व्हायचा, तेही तीन किलो दोनशे ग्रॅम वजन धरून. हे वजन कुठून आलं, ते कळायला मार्ग नव्हता.

"पुन्हा चालव, होईल पास," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. त्याला सगळे दाढी म्हणत. नाव पडलं तेव्हा दाढी काळी होती, आता अर्धी पांढरी झाली होती.

"पुन्हा चालवून पास झाली तर मला काय कळलं?"

"शुक्रवारी नवा प्रोग्राम बाहेर जातोय, एवढं कळलं तरी पुरे. एकतीस वॉर्ड वाट बघतायत."

तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. टेस्ट दर वेळी वेगळ्या क्रमाने चालतात, म्हणून तिने नापास झालेल्या खेपांचे क्रम कागदावर उतरवून काढले आणि आधी कोण चाललं होतं ते बघितलं. बुधवारी दुपारपर्यंत घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. नापास टेस्टच्या आधी दर वेळी एकच टेस्ट असायची, बाळाच्या पायाला लावायच्या सेन्सरची. तिच्या मांडामांडीत आधी बाळाचं वजन भरलं जायचं, तीन किलो दोनशे, आणि मग खोटा सेन्सर जोडला जायचा. हा सेन्सर कधीमधी वेळेत उत्तर देत नसे. मग मांडामांड अर्ध्यावर फसायची. आणि मांडामांड पुरी झाली नाही तर आवराआवर चालतच नाही, अशी त्या यंत्रणेची रीत होती. फसलेली टेस्ट यंत्रणा सगळ्यांच्या शेवटी आपोआप पुन्हा चालवायची, तेव्हा सेन्सरची टेस्ट पास व्हायची आणि कोणाच्या नजरेत यायची नाही. मधल्या वेळात ते वजन मात्र तिथेच पडून राहायचं, पुढच्या बाळासाठी.

"पण हे मागच्या आठवड्यापर्यंत का होत नव्हतं?" तिने मोठ्यानेच विचारलं.

दाढीने खुर्ची फिरवली. चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता. "अगं, प्रत्येक टेस्टच्या आधी सगळं पुसून टाकणारी एक ओळ होती. दर वेळी अर्धा सेकंद खायची, चारशे बारा वेळा. मी काढली. साडेतीन मिनिटं वाचली."

ती ओळ तिची होती. तीन वर्षांपूर्वी अशाच कसल्याशा कटकटीला वैतागून तिने ती घातली होती. येणाऱ्याने आधी झाडून घ्यावं आणि मग बसावं, म्हणजे मागच्याने कितीही पसारा केलेला असो. तेव्हा तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

टीमच्या प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस तिच्याहून बारा वर्षांनी लहान, पण समजूतदार. "मग ओळ परत टाका ना. कारण सापडलं, उपाय सापडला."

"कारण नाही सापडलं, सर. आवराआवर होत नाही हे सापडलं."

"दोन्हींत फरक काय?"

तिला तो फरक नीट सांगता येईना. नुसतं काहीतरी खुपत होतं. "मला उद्याचा दिवस द्या," ती म्हणाली.

"उद्या चारपर्यंत. त्यानंतर ओळ परत आणि गाडी पुढे."

घरी ती आणि बाबा दोघंच. बाबांनी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये अवजारं मांडायचं आणि आवरायचं काम केलेलं. आता ऐंशीचे होते, हात थरथरायचे, पण जेवण झालं की चमचे मोजल्याशिवाय उठत नसत. आई होती तोवर ती यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायची. "पोटात राहिला असेल एखादा, बघा," म्हणायची. आता टिंगल करायला कोणी नव्हतं, तरी ते मोजतच होते.

त्या संध्याकाळी तिने आमटीत चमचा फिरवत त्यांना सगळं सांगितलं. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ का ठो कळत नसे, पण ऐकायचे मन लावून.

"म्हणजे काम पुरं झालं तर आवरतात. सुरूच झालं नाही तर आवरायला काही नसतं," ते म्हणाले. "आणि सुरू होऊन मधेच थांबलं तर?"

"तेच तर. मग कोणी आवरत नाही."

बाबा चमचे बाजूला सारून म्हणाले, "आमच्याकडे एकदा असंच झालं. माणसाला भूल द्यायला घेतली आणि त्याचं प्रेशर एकदम खाली आलं. अजून सुरीही लावली नव्हती. सगळे त्याला घेऊन दुसरीकडे पळाले. वहीत लिहिलं, ऑपरेशन झालं नाही. झालंच नाही म्हटल्यावर मोजणार कोण? भुलीची भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तशीच राहिली. तासाभराने तिथे दुसरा पेशंट आणला. त्याची सिरिंज भरली, आणि ही आधीची होतीच."

"मग?"

"दोन्ही गेल्या. त्याला शुद्धीवर यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने मला पेढ्यांचा पुडा आणून दिला, तुम्ही सगळ्यांनी वाचवलंत म्हणून. मी तो घेतला." त्यांनी चमचे पुन्हा पुढे ओढले. "झालेल्या कामाची आवराआवर सगळे करतात, पोरी. मधेच थांबलेल्याची कोण करतं ते बघ."

तिला रात्रभर नीट झोप आली नाही, आणि कशाने आली नाही ते सकाळी कळलं. टेस्टच्या आधी पाटी पुसणारी ओळ तिने टेस्टमध्ये घातली होती. वॉर्डात ती ओळ नव्हती. तिथे पुसणार कोण?

गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. कपाटातून खरा पंप काढला, पुसला, औषधाच्या जागी पाणी भरलं, आणि टेबलावर ठेवला. मग प्रोग्राम उघडून जिथे बाळाचं वजन पुसलं जातं ती जागा शोधली. जागा एकच होती. बाळाचं औषध संपवून नर्सने 'समाप्त' दाबलं की वजन पुसलं जायचं. आणि 'समाप्त' दाबता यायचं ते पंप एकदा सुरू झाला असेल तरच.

तिने वजन भरलं, तीन किलो दोनशे. सेन्सर जोडला आणि 'सुरू' दाबायच्या आधीच त्याची वायर उपटली, वॉर्डात बाळाने पाय झाडल्यावर निघते तशी. पंप दोनदा ओरडला आणि पहिल्या पानावर परत गेला. पान कोरं दिसत होतं. तिने नवं बाळ निवडलं, सेन्सर जोडला, वजन भरलंच नाही, आणि 'सुरू' दाबलं.

पंप सुरू झाला.

नळीच्या टोकाला एक थेंब जमला आणि खालच्या वाटीत पडला. मग दुसरा. दाढी तोवर येऊन तिच्या मागे उभा राहिला होता. पिशवी खांद्यावरून उतरवायचंही त्याला सुचलं नाही. "हे नव्या प्रोग्राममध्ये आहे ना?" त्याने विचारलं.

"नवा अजून या पंपात घातलेलाच नाही," ती म्हणाली. "हा जुना आहे. एकतीस वॉर्डांत आत्ता चालू आहे तो."

आणि तेव्हा तिला एक जुनी तक्रार आठवली. तिने जुन्या तक्रारींची यादी उघडली, आणि शोधायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चौदा महिन्यांपूर्वी एका वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरने लिहिलं होतं : वजन न भरता पंप सुरू झाला. आधीच्या बाळाचं वजन दाखवत होता. माझ्या लक्षात आलं म्हणून लगेच बंद केला. कृपया बघावे. खाली उत्तर होतं : अनेक वेळा तपासले, असे घडत नाही. उत्तराखाली नाव टापटीपचं होतं. खरं नाव, जे ऑफिसात कोणी वापरत नसे.

तिने खरंच अनेक वेळा तपासलं होतं. त्या वेळी तिने त्यासाठी खास टेस्ट लिहिली होती आणि पन्नास वेळा चालवली होती. पन्नासही वेळा तिच्या त्या लाडक्या ओळीने आधी सगळं पुसून दिलं होतं. तिने खोटं लिहिलं नव्हतं. पण खरं सांगणाऱ्या बाईला तिने खोटं पाडलं होतं, आणि तेही अगदी नम्र शब्दांत.

तिने फोन लावला. सिस्टर अजून त्याच वॉर्डात होत्या. तिने आपण कोण ते सांगितलं, तक्रारीचा दिवस सांगितला, आणि मग म्हणाली, "तुम्ही लिहिलं होतं ते बरोबर होतं. चूक आमची होती. माझी होती."

पलीकडे कुठलं तरी बाळ रडत होतं.

"मला ठाऊक होतं बरोबर आहे ते," सिस्टर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ऐकवेना. "मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण तुमचं उत्तर आलं, तर म्हटलं, आपणच बघू. तेव्हापासून माझ्या वॉर्डात नियम आहे. प्रत्येक बाळाच्या आधी पंप पूर्ण बंद करायचा, दहा आकडे मोजायचे, मग चालू करायचा. नव्या मुली कुरकुर करतात. मी करून घेते."

"चौदा महिने?"

"चौदा महिने. दिवसाला वीस-बावीस वेळा."

टापटीपने डोळे मिटले. तिची एक ओळ अर्धा सेकंद घेत होती म्हणून जड झाली होती. इथे एक बाई तेच काम हातांनी करत आली होती, कोणी न सांगता, कोणी न मानता. "सिस्टर, बाकीच्या वॉर्डांनाही तुम्ही हे सांगितलं होतं का?"

"बाकीचे वॉर्ड मला कुठे माहीत, बाई? मी तुम्हाला सांगितलं होतं ना. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं की सगळ्यांना कळेल."

फोन ठेवला तेव्हा प्रमुख दारात उभे होते. दाढीने त्यांना पंप दाखवला होता. वाटीच्या तळाशी आता पाणी जमलं होतं आणि पंप अजून बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. तिने तो बंद केला.

"शुक्रवारचं थांबवतो," प्रमुख म्हणाले. "वरिष्ठांना मी कळवतो. सगळ्या वॉर्डांना आजच पत्र जाईल."

"पत्र वाचेपर्यंत दुपार होईल, सर. मी फोन करते."

"अर्धी यादी मला द्या."

"नको. चौदा महिन्यांपूर्वी उत्तर मी लिहिलं होतं. मीच करते."

तिने ती जुनी तक्रार उघडली आणि 'असे घडत नाही' याच्या खाली लिहिलं : असे घडते. पुढे तारीख घातली आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग एकतीस वॉर्डांची यादी समोर ओढली, पहिल्या नावापुढे, म्हणजे सिस्टरांच्या वॉर्डापुढे, खूण केली, आणि दुसऱ्याचा नंबर फिरवला.

पंप बंद करून दहा आकडे मोजा, हे सांगायला अर्धं मिनिट पुरणार होतं. त्याच्या नंतरचा प्रश्न तिने कागदावर लिहून ठेवला होता, कारण तो न वाचता आपल्याला विचारवणार नाही, हे तिला कळत होतं : गेल्या चौदा महिन्यांत, तुमच्याकडे, कोणाच्या लक्षात न येता, असं कधी झालं असेल का?

पलीकडे घंटी वाजत राहिली. मग कोणी तरी फोन उचलला आणि म्हणालं, "बोला."