छाननीचा दिवस

युवराजने पेनाचं टोपण काढून पेन वडिलांच्या हातात दिलं आणि कागदावर सहीची जागा बोटाने दाखवली. आप्पासाहेबांनी पेन धरलं, पण चष्मा काही खिशातून काढला नाही. इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर चिंचेच्या सावलीला जीप उभी होती, तिच्या मागच्या सीटवर ते बसले होते. शेजारी सून रेश्मा इरकलीचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती. वाडीच्या सरपंचपदासाठी तिचा अर्ज होता आणि आज छाननी होती. अकरा वाजता आत पुकारा व्हायचा होता. सव्वादहा वाजून गेले होते.

“वाचायची गरज न्हाय आप्पा,” युवराज म्हणाला. “फकस्त सही करा.”

कागदात काय आहे ते आप्पासाहेबांना कालच कळलं होतं. रेश्मासमोर एकच अर्ज होता, स्वरूपा राऊतचा. बावीस वर्षांची पोर, बारामतीला राहून शेतकीची पदवी घेऊन आलेली. जागा इतर मागास महिलेसाठी राखीव, म्हणून अर्जाला जातीचा दाखला जोडणं भाग होतं. अर्जात आणि मतदारयादीत बापाचं नाव तात्याबा राऊत असं होतं. दाखला मात्र शाळेच्या कागदांवरून निघालेला, आणि शाळेच्या कागदांवर ती आबाजी शेंड्यांची मुलगी होती. आबाजी म्हणजे तिचा मोरगावचा मामा. युवराजच्या वकिलाने नेमकं तिथं बोट ठेवलं होतं. दाखल्यावरची मुलगी वेगळी आणि उमेदवार वेगळी, अशी हरकत घ्यायची. दोनदा सरपंच झालेल्या जाणत्या माणसाने लिहून दिलं की ही पोर आबाजीचीच, तर छाननी करणाऱ्या साहेबांपुढे दुसरा इलाज उरत नव्हता. तिचा अर्ज बाद झाला की रेश्मा बिनविरोध.

“ती आबाजीची न्हाय,” आप्पासाहेब म्हणाले.

“ते साऱ्या वाडीला म्हाईत हाय.”

“मग मी कसं लिहून देऊ? पंधरा वर्षांमागं ह्याच कचेरीत मी उलटं सिद्ध केलंय.”

“त्या टायमाला कायदा तसा व्हता. आता कागद असा हाय.”

युवराज हे रागाने बोलला नाही. उसाला पाणी कोणत्या बारीला सोडायचं हे सांगावं तितक्या सहज बोलला, आणि आप्पासाहेबांना त्याचंच वाईट वाटलं. हा सहजपणा पोराने बाहेरून आणलेला नव्हता. घरातच शिकला होता तो.

तात्याबा आणि आप्पासाहेब एकाच वॉर्डात एकमेकांसमोर उभे राहायचे. जो निवडून येई, त्याच्या बाजूचे सदस्य जास्त असत आणि सरपंच तोच होई. पहिल्या खेपेला आप्पासाहेब आले, दुसऱ्या खेपेला तात्याबा. दोघांचा प्रचार सुरू व्हायचा तो विरोधकाच्या उंबऱ्यावरून. पहिलं मत तिथं मागायचं, असा वाडीचा रिवाज होता. तात्याबा म्हणायचा, मत देणार न्हाय, पण च्या घेऊन जा. परीक्षा असली की दोन्ही भोंगे बंद. कुणाच्या घरी मयत झाली की दोन्ही बाजूंच्या गाड्या दोन दिवस उभ्या. आणि काही झालं तरी समोरच्याच्या बायकापोरांचं नाव तोंडातून काढायचं नाही. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. लिहून ठेवलेलं मोडायला वाटा काढता येतात, न लिहिलेलं मोडायला माणसाला आधी स्वतःची लाज सोडावी लागते, असं आप्पासाहेब म्हणत. हल्लीच्या प्रचारातली गाणी, ढाब्यावरच्या पंगती आणि मोबाइलवरून उडवलेला चिखल बघून ते तोंड फिरवत. पण फार बोलायचे नाहीत.

कारण तिसऱ्या खेपेला ती लाज त्यांनीच सोडली होती. तात्याबाने पाच वर्षांत माळावर पाण्याची पाइपलाइन आणली होती आणि आप्पासाहेब पडणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. तेव्हा त्यांना कायदा आठवला. दोन मुलं असताना सन दोन हजार एकनंतर तिसरं झालं, तर निवडणूक लढवता येत नाही. तात्याबाला दोन मुलगे होते आणि त्यांच्यानंतर ही मुलगी. ती जन्मली तेव्हाच, अर्जाची अडचण नको म्हणून, तिची नोंद मोरगावच्या मामाच्या नावाने झाली. मामाला मूलबाळ नव्हतं. पोर तिकडेच वाढली, सुट्टीला वाडीत यायची आणि बापाला साऱ्या गावासारखीच तात्या म्हणायची. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं.

आप्पासाहेब बोलले. छाननीच्या दिवशी त्यांनी हरकत घेतली. साहेबांनी जन्माची नोंद बघितली, मामाचं नाव बघितलं आणि पुरावा नाही म्हणून हरकत बाजूला ठेवायला लागले. तात्याबाने त्या दिवशी पोरीला सोबत आणलं होतं. सात वर्षांची, दोन वेण्या, खिडकीच्या गजाला धरून उभी. आप्पासाहेबांनी खिशातली लिमलेटची गोळी काढली, तिच्यापुढे उकिडवे बसले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, बाळ, तू कुणाची गं? पोरीने गोळी घेतली नाही. हात लांब केला, तात्याबाकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ह्यांची. तात्याबाची मान खाली गेली. त्याने उपरण्याने डोळे पुसले. साहेबांनी मग मोरगावहून आबाजीला बोलावून घेतलं, त्याने सारं कबूल केलं, आणि दुपारपर्यंत आप्पासाहेब बिनविरोध निवडून आले.

नियम तात्याबानेच मोडला होता, हे खरं होतं. आप्पासाहेबांनी ते स्वतःला पंधरा वर्षं सांगितलं. पण नियम मोडल्याचा पुरावा त्यांनी काढला कुठून? सरपंचाच्या खुर्चीत बसले की ते बोट समोर यायचं. सभेत कुणी हात लांब करून काही दाखवलं तरी ते दचकायचे. घरी पाहुणे आले की नात छकुलीला मांडीवर घेऊन हमखास विचारायचे, तू कुणाची गं, आईची का बाबाची? लोक हसायचे, छकुलीही हसायची, आणि आप्पासाहेब पाणी प्यायच्या निमित्ताने उठून मागच्या दारी जायचे. तिथं कोणी नसायचं, तरी खिडकीच्या गजाशी कोणी उभं असल्यासारखं वाटायचं. तात्याबा पुन्हा कधी निवडणुकीला उभा राहिला नाही. दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. दोन वर्षांमागे तात्याबा गेला. त्यानंतर तर ‘ह्यांची’ म्हणणारा तो आवाज भर दुपारी, जरा डोळा लागला की यायला लागला.

“आप्पा, येळ चाललाय,” युवराज म्हणाला.

आप्पासाहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन परत दिलं.

युवराजने पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग त्याने कागद उचलला, बॉनेटवर ठेवला आणि त्याखाली रेश्माची सही घेतली. उमेदवाराला हरकत घेता येते, तुमच्या सहीने नुसतं वजन वाढलं असतं, असं तो म्हणाला. तुम्ही इथंच बसा, गप्प राहिलात तरी पुष्कळ, असंही म्हणाला. आणि वकिलाला गाठायला कचेरीत निघून गेला.

जीपमध्ये दोघंच उरले. रेश्माच्या बोटाला शाईचा डाग पडला होता, तो ती पदराने पुसत होती. गेली आठ वर्षं ती वाडीच्या बचत गटाचं काम बघत होती आणि तिला शंभर बायका नावाने ओळखत होत्या. तिने सासऱ्यांकडे न बघता विचारलं.

“तुमी बिनविरोध आला त्या दिवशी जेवला न्हवता म्हणं. सासूबाई सांगायच्या.”

“समोर जोड नसल तर कुस्ती कसली गं,” आप्पासाहेब म्हणाले. “मोकळ्या आखाड्यात शड्डू ठोकून आलो.”

“मग मला का धाडताय तितं?”

आतून शिपायाने वाडीच्या नावाचा पुकारा केला. रेश्मा उतरली. आप्पासाहेबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, काठी घेतली आणि तिच्या मागोमाग तेही उतरले.

दालन तेच होतं, रंग नवा होता. खिडकीला आता गजांऐवजी सरकत्या काचा होत्या. साहेब तरुण होता, चेहऱ्यावर झोप न झाल्याचा शीण होता. त्याने युवराजच्या वकिलाचं म्हणणं ऐकून घेतलं, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि स्वरूपाला विचारलं. तिने प्रतिज्ञापत्र दिलं होतं. वकील म्हणाला, स्वतःचं नाव स्वतःच सांगायचं किंवा सख्ख्या भावांनी सांगायचं, याला पुरावा म्हणत नाहीत. मामा आबाजी मागच्या साली वारला होता, आईची लकवा मारून वाचा गेली होती, आणि बापाच्या जुन्या निकालाची नक्कल घरात कुणी ठेवली नव्हती. साहेबाने कपाळ चोळलं. मुदतीत दुसरा पुरावा नसेल तर मला निर्णय द्यावा लागेल, असं तो म्हणाला आणि पेन उचललं.

स्वरूपा टेबलाच्या कडेला सरळ उभी होती. ती कुणाकडेही बघत नव्हती.

“साहेब,” आप्पासाहेब म्हणाले. साहेबाला ऐकू गेलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, “साहेब, ही पोर तात्याबा राऊतांची हाय.”

युवराज वळला. वकिलाने त्याचा दंड धरला.

साहेबाने विचारलं, आपण कोण? आप्पासाहेबांनी नाव सांगितलं. हरकत घेणारी बाई माझी सून आहे, हेही सांगितलं. मग पंधरा वर्षांपूर्वीची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. तात्याबाचा अर्ज बाद झाल्याचा निकाल दप्तरात असेल, तो काढून बघा, म्हणाले. हीच ती मुलगी, आणि तिच्या तोंडून वदवून घेणारा मीच. गोळीचंही त्यांनी सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती, साहेबाने विचारलंही नव्हतं. पण एवढ्या वर्षांनी तोंड उघडल्यावर ते मधेच थांबवता येईना.

दप्तर यायला तास गेला. जुना निकाल निघाला. हरकत फेटाळली गेली, दोन्ही अर्ज मंजूर झाले. युवराज तडक बाहेर गेला आणि जीपमध्ये जाऊन बसला. रेश्माने मात्र जाताना स्वरूपाकडे बघून मान हलवली, आता गाठ पडेल म्हटल्यासारखी.

आप्पासाहेब पायऱ्या उतरून चिंचेखाली थांबले. ऊर हलका होईल असं त्यांना वाटलं होतं, तसं काही झालं नव्हतं. स्वरूपा कागदांची पिशवी सांभाळत त्यांच्यापाशी आली. आभार मानायला आली असेल तर तिला मानू द्यायचे नाहीत, एवढंच त्यांनी ठरवलं.

“पोरी, त्या दिवशी मी तुला इचारायला नको व्हतं,” ते घाईने म्हणाले. “सात वर्षांचं लेकरू तू. तुझ्या तोंडून तुझ्या बापाला पाडलं मी.”

स्वरूपा जरा गोंधळली. मग हळू म्हणाली, “तुमी इचारणार हे तात्यांना म्हाईत व्हतं आप्पा.”

“म्हणजे?”

“मोरगावास्नं येताना गाडीवर त्यांनी मला सांगून ठिवलं व्हतं. आज कुणीबी इचारलं, बाप कोण, तर मामाचं नाव घ्यायचं न्हाय. माझं घ्यायचं.”

“आन अर्ज?”

“आई तेच म्हणून भांडली. तवा तात्या म्हणले, सरपंच एकदा झालोय. हिचा बाप एकदाबी झालो न्हाय.”

आप्पासाहेबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. उपरण्याने डोळे पुसणारा तात्याबा त्यांना दिसला. पंधरा वर्षं ते त्याला हरलेला समजत होते.

“मग माझ्याशी बोलंना का झाला?”

“तुमी येईना झाला,” स्वरूपा म्हणाली. तिच्या बोलण्यात ठपका नव्हता, झालं ते ती सांगत होती. “तुमच्याकडं जा म्हणून आई लय मागं लागायची. तात्या म्हणायचे, आप्पा लाजलाय. आपण गेलो तर आणखी लाजल. तोच यील आपल्या पायानं.”

“यील म्हणायचा?”

“शेवटी दुखण्यात पडले तवाबी म्हणायचे. दारात कुणाची काठी वाजली की इचारायचे, कोण आलंय बघ.”

जीपचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. स्वरूपा त्यांना वाकून नमस्कार करून एसटी स्टँडच्या दिशेने गेली. आप्पासाहेब तिथंच उभे राहिले. तात्याबाच्या घराच्या आणि त्यांच्या घराच्या मधे एक पानमळा होता आणि एक विहीर. तेवढंच अंतर होतं.