सुका बांबू

माझा भाऊ प्रफुल विजेच्या बाबतीत अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस. गावात कुणाचा पंखा बंद पडला की हा टेस्टर खिशाला लावून हजर. पंखा त्यानंतरही फिरत नाही, ती गोष्ट वेगळी.

बाबांच्या छातीत मशीन बसवलं तेव्हा चंद्रपूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. ठोके भलतेच धावायला लागले तर जीवच जायचा, म्हणून हे मशीन आतून झटका देईल. तेव्हा कुणी त्यांचा हात धरलेला असला, तर त्याला फार तर मुंग्या येतील. आणि श्वासच थांबला, तर लगेच छाती दाबायची. एवढ्यातून माझ्या भावानं एकच शब्द उचलला, झटका.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात रानडुकरांसाठी धानाच्या बांधाला चोरून करंट सोडतात. प्रफुलही सोडतो. अशाच एका तारेला चिकटलेल्या गावातल्या लच्छूला ओढायला त्याचा भाऊ गेला आणि दोघंही मेले. तेव्हापासून गावाला धडा पाठ आहे : चिकटलेल्याला हात लावायचा नाही, सुक्या बांबूनं ढकलायचं. तोच धडा या शहाण्यानं जन्मदात्या बापाला लावला. आईची बाज आतल्या खोलीत नेली. वहिनी रबरी चप्पल घालून चहा आणायची आणि कप जमिनीवरून सरकवायची. कोपऱ्यात बांबू तयारच. मी फोनवर घसा कोरडा केला, तर म्हणे, "नंदे, तुले करंटातलं का समजते?"

बाबाही गुपचूप लांब बसायचे. आपल्यापायी पोरांना काही होऊ नये म्हणून! मला चीड यायची आणि रडूही यायचं.

धान कापणी झाल्यावर मी गावी गेले. बाबा अंगणात उन्हाला बसले होते, ते बसल्या जागीच कलंडले.

"हात नोका लावू!" प्रफुल ओरडला आणि अनवाणीच धावत जाऊन त्यानं घराचा मेन स्विच पाडला. जणू बाबांना आमच्या मीटरमधूनच वीज जात होती. मग बांबू आणून बाबांच्या बरगडीला टोचत म्हणाला, "बाबा, ओ बाबा!"

मी त्याला ढकलून पुढे झाले, पण आई आधीच पोहोचली होती. तांदूळ धुताधुता उठलेली, हात ओले. तिनं बाबांचं डोकं मांडीवर घेतलं. मी नाकाशी कान नेला, श्वास चालू होता. तेवढ्यात मशीननं झटका दिला. बाबांचं अंग उडालं, आईचा हात थरथरला. तिनं तो बाबांच्या कपाळावरून काढला नाही.

"एवढुसाच?" आई प्रफुलकडे बघत म्हणाली. "याच्यासाठी मले माह्या माणसापासून दूर ठेवलं तू?"

बाबांनी डोळे उघडले. कपाळावर आईचा हात पाहून त्यांना रडू फुटलं. "बायना, दूर हो, लागन तुले."

"लागू द्या."

मी डॉक्टरांना फोन लावला. लगेच घेऊन या, म्हणाले. प्रफुलचं तोंड एवढंसं झालं होतं. बांबू टाकून तो जवळ आला आणि बाबांना उठवायला त्यानं दोन्ही हात पुढे केले. बाबांनी त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि आपले हात आखडून घेतले.

"राहू दे बाबू," ते म्हणाले, "पयले चप्पल घालून ये."