गोठ्याकडचं फाटक

ग्रॉन्याने ब्रेक दाबला आणि हेल्मेट कपाळावर आणखी खाली ओढलं. पुढच्या सात सायकली फाटकापाशी अडल्या होत्या. पलीकडे, जिथे कधीकाळी रूळ होते त्या डांबरी वाटेवर, गायी आडव्या पसरल्या होत्या. त्यांच्यामागे काठी टेकून मॅलकी उभा होता. तिचा थोरला भाऊ.

सकाळी डेक्लनने नकाशा उलगडून ही वाट दाखवली तेव्हाच पोटदुखीचं निमित्त सांगता आलं असतं. ते तिने सांगितलं नव्हतं. का, ते तिलाही धड कळलं नव्हतं.

आई गेल्यावर शेत दोघांच्या नावावर झालं. आगगाडी केव्हाच बंद पडली होती, आणि शेतातली रुळांची ती पट्टी काउंटी परिषदेने सायकलवाटेसाठी मागितली. मॅलकी नाही म्हणत राहिला. ग्रॉन्याने डब्लिनमध्ये बसून सही केली. मग एकटा तो किती दिवस अडून बसणार? कुरण वाटेच्या एका अंगाला राहिलं, गोठा दुसऱ्या. त्यानंतर त्याने तिचा फोन कधी उचलला नाही, आणि हळूहळू तिनेही करणं सोडलं.

"काका, जरा आटपा की," डेक्लन म्हणाला. तोच सगळ्यांना घेऊन निघाला होता. "पुढच्या गावात जेवण सांगून ठेवलंय."

"गायींना सांग. माझं त्या ऐकत नाहीत."

ग्रॉन्याच्या पुढच्या सायकलवरची नोरीन खुदकन हसली. डेक्लन हसला नाही.

"ही वाट सगळ्यांची आहे, काका."

"हो ना. आता ह्यांची पाळी आहे."

ग्रॉन्या नोरीनच्या आड सरकली. मॅलकीचा एक खांदा उतरला होता, चालताना तो डाव्या पायावर भार देत नव्हता. कामाला माणूस ठेवलेला दिसत नव्हता.

डेक्लनने कडी काढली आणि सायकल ढकलत तो गायींमध्ये शिरला.

"मागे हो," मॅलकी आवाज न चढवता म्हणाला. "तांबडीचं वासरू कोवळं आहे."

डेक्लनने ऐकलं नाही. त्याचं चाक नेमकं गाय आणि वासराच्या मध्ये गेलं. तांबडीने मान खाली घातली. सायकल आधी उडाली, मग डेक्लन तारेच्या कुंपणावर आदळला आणि तिथेच अडकला. मॅलकी कळपाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो लंगडत धावू लागला, पण मध्ये साऱ्या गायी होत्या.

ग्रॉन्याची सायकल कधी पडली ते तिला कळलं नाही. दोन्ही हात पसरून ती आत गेली आणि तिने बाबा घालायचे तसा खोल गळ्यातून हाकारा घातला. "हौ… हौ… हौ…"

तांबडीचे कान वळले. ग्रॉन्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही. वासराच्या पुठ्ठ्याला हात लावून तिने त्याला अलगद आईकडे सरकवलं. गायीने ते हुंगलं आणि फुसकन श्वास सोडला. तेवढ्यात नोरीनने डेक्लनला दंडाला धरून बाहेर ओढलं.

मॅलकी पोचला. त्याने डेक्लनचं सोललेलं कोपर पाहिलं, तांबडीचे पाय पाहिले, मग बहिणीकडे पाहिलं. तिचं हेल्मेट मागे सरकलं होतं.

"ह्यांच्याबरोबर आहेस होय."

"हो."

ती आणखी काही बोलणार होती. बोट दाखवावं तशी त्याने काठी पलीकडे रोखली.

"गोठ्याकडचं फाटक धर. वाऱ्याने मिटतं, आणि मला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही."

तिने फाटक धरलं. एकेक गाय तिच्या अंगाला घासून आत गेली. शेवटी वासराला पुढे घालून मॅलकी गेला, तिच्याकडे न बघता.

"लावून घे," तो म्हणाला.

तिने फाटक ओढलं, कडी घातली. मग तिला दिसलं, ती आतल्या बाजूला उभी होती.

"ग्रॉन्या, येतेयस ना?" वाटेवरून नोरीनने विचारलं.

मॅलकी गोठ्याच्या दारात पाठमोरा उभा राहून बुटांचा चिखल खरवडत होता. बूट स्वच्छ झाले तरी तो खरवडतच राहिला.