सातव्या खाटेवरच्या बाई काय म्हणाल्या?

सकाळी अकराच्या सुमारास स्त्रियांच्या वॉर्डातल्या सातव्या खाटेवरच्या बाईंना चढवलं जाणारं रक्त घाईघाईने थांबवण्यात आलं. बाईंना हुडहुडी भरली होती आणि कंबर फुटतेय म्हणून त्या कळवळत होत्या. पिशवीतलं रक्त चुकीच्या गटाचं होतं. आठव्या खाटेची पिशवी अजून लावायची होती. ती वेळीच काढून घेतली.

दोघींच्या रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल झाली होती. नमुने लॅबवाल्या ताईने घेतले होते.

ही ताई म्हणजे साऱ्या रुग्णालयाचं कौतुक. सगळे तिला ‘दहाहाती’ म्हणत. लॅबच्या साहेबांना व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या प्रत्येक निरोपाला ताबडतोब उत्तर लागे आणि ते हिच्याकडूनच येई. नियम असा, की रक्त घेतलं की रुग्णापाशी उभं राहूनच, नाव विचारून नळीला लेबल लावायचं. पण त्यात वेळ मोडतो. म्हणून ताईने स्वतःची युक्ती काढली होती: सातवीची नळी डाव्या खिशात, आठवीची उजव्या, लेबलं सगळी एकदम टेबलावर. कधी चुकलं नव्हतं. त्या सकाळी मात्र साहेबांचा फोन वाजला. फोन काढायच्या गडबडीत नळ्या हातात आल्या आणि भलत्याच खिशात परत गेल्या.

मोठ्या सिस्टरांनी तिला औषधांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

“सिस्टर, मशीनचा घोटाळा असेल. साहेबही तेच म्हणतायत.”

“साहेबांना म्हणू दे. तू काय म्हणतेस?”

“अहो, मी एका वेळी पाच कामं करते! कुणाचं कधी अडलंय का?”

“पाच नाही करत गं. एक करतेस, चार उरकतेस. आणि आम्ही टाळ्या वाजवतो. मीच नाही का म्हणायचे, दहाहाती आली, आता घोर मिटला? हात दहा असतील बाई, चित्त एकच असतं. ते कुठे होतं?”

“फोनपाशी,” ताई म्हणाली.

बाहेर बाकावर बाईंचा नवरा बसला होता. बसचालक होता, गणवेशातच धावत आला होता. ताईने त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. तो ओरडला नाही.

“म्हणजे सकाळी तिच्याजवळ तूच होतीस,” तो म्हणाला. “अनोळखी माणूस दिसलं की तिला गप्प बसवत नाही. माझ्या बसमध्ये चढली की प्रवाशांशी गप्पा, मी आपला रस्त्याशी! तुझ्याशी काय बोलली?”

ताई आठवू लागली. बाईंनी काहीतरी विचारलं होतं खरं, आणि तिने “हो, हो” म्हटलंही होतं. कशाला हो म्हटलं? आवाज आठवेना. आणि चेहरा? चेहराही आठवेना! ज्या हाताची शीर तिने बोटांनी चाचपली होती, त्या माणसाचा चेहरा!

“नाही आठवत, काका. मी ऐकलंच नाही.”

“आता तिची शुद्ध हरपलीय, बोलता येत नाहीये,” तो म्हणाला. “म्हणून विचारलं.”

ताई तिथून तडक साहेबांकडे गेली. दोष मशीनचा नाही, माझा आहे आणि तुमच्या ‘ताबडतोब’चाही आहे, असं तिने सगळ्यांदेखत सांगितलं.

वाचकहो, आपणही रोज कुणापुढे तरी “हो, हो” म्हणत असतो आणि त्यालाच कामाचा उरक समजतो. धावपळीला कर्तबगारी म्हणणं आपण सगळ्यांनीच थांबवलं पाहिजे. समोरचं एक काम पूर्ण लक्ष देऊन करावं. कारण त्या कामाच्या पलीकडे बहुतेक वेळा एक माणूस असतो.

संध्याकाळपर्यंत बाईंच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं होतं. डायलिसिस सुरू झालं आहे. त्या अजून शुद्धीवर आलेल्या नाहीत.