पोरींची सवलत

ओर्लाने फोन टेबलावर असा आदळला की ब्रेडा आत्याच्या कपातला चहा बशीत सांडला.

"गाडीच्या विम्याला तिसरा हिस्सा जास्त मागतायत! का, तर म्हणे या एकवीस डिसेंबरपासून बायकांना आणि पुरुषांना एकच दर. युरोपच्या कोर्टाचा निकाल. समानता म्हणे! चुलीत घाला ती समानता!"

तिचा संताप खोटा नव्हता. आमच्या आयर्लंडच्या लिट्रिम भागातल्या डोंगरांत बस ही फक्त ऐकायची गोष्ट. ओर्ला लांबलांबच्या घरी जाऊन एकट्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, औषधं देते. विम्याशिवाय गाडी दारातच उभी राहणार, आणि गाडी उभी राहिली की नोकरी गेली. आजवर बाई म्हणून तिला विमा स्वस्त पडायचा, त्यावरच कसंबसं भागत होतं. तुमचं-आमचंही डोकं फिरलं असतं, मंडळी.

तिचा भाऊ काहल शेगडीपाशी ओले मोजे वाळवत होता. तरुण पोरगा म्हटला की विमा कंपन्या असा दर सांगत, की तेवढ्यात दुसरी जुनी गाडी दारात आली असती. म्हणून तो डेअरीत सायकलने जायचा, भिजत. आता त्याचा दर जरासा उतरला होता. बिचारा चुकून हसला.

"हस! माझ्या पैशांवर तुझी गाडी धावणार!"

"मी काय केलंय गं? चौदाव्या वर्षापासून शेतावर ट्रॅक्टर चालवतोय, साधा ओरखडा नाही. चर्चच्या फाटकाचा खांब कोणी पाडला?"

"त्या खांबाचं नाव काढू नकोस! फादरना भरपाई दिलीय मी. कंपनीला सांगायचं काही कारण नव्हतं. आणि पोरंच जास्त गाड्या ठोकतात, आकडे सांगतात तसं!"

"आकडे खरेच असतील," आत्या म्हणाली. "माझ्या वेळचेही खरेच होते."

तिने किटली पुढे ओढली. निळ्या फुलांची, दांड्याला चिकटवलेली. ओर्ला लहानपणापासून त्याच किटलीतला चहा पीत आली होती.

"ही कुठून आली, माहितेय?"

"तुझ्या लग्नातली ना?"

"लग्नातलीच. जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होते मी. कामाला वाघ. लग्न ठरलं तसं साहेबांनी बोलावलं, अभिनंदन केलं, ही किटली हातात दिली आणि दार दाखवलं. तेव्हा नियमच होता, लग्न झालं की बाईची नोकरी संपली. मी भांडले. साहेब म्हणाले, 'ब्रेडा, लग्न झालेल्या बायका पोरंबाळं झाली की नोकरी सोडतात. आम्ही पाहिलंय ना!'"

"पण तू सोडणार नव्हतीस!"

"नव्हते. आणि मला मूलही झालं नाही. इतर बायकांना होणाऱ्या मुलांपायी माझी नोकरी गेली, ओर्ला."

काहलने मोजे खाली ठेवले.

"इतर पोरांनी ठोकलेल्या गाड्यांपायी हा पावसात सायकल हाणतो," आत्या पुढे म्हणाली. "त्याला लावलेलं माप आणि मला लावलेलं माप एकच. आपल्याला सोयीचं असेल तेव्हा ते माप बरं, असं नाही म्हणता येत, पोरी."

"मग मी नोकरी सोडू? न्याय म्हणून?" ओर्लाचे डोळे भरून आले होते.

"मुळीच नाही! भांड! पण या गरिबाशी कशाला? कोर्टाने दर सारखा करा म्हटलं, तुझा चढवा असं कुठे म्हटलं? चढवला कंपनीने. तिच्याशी भांड."

ओर्लाने नाक पुसलं आणि फोन पुन्हा उचलला. पलीकडची बाई मधाळ आवाजात 'पोरं-पोरी सगळ्यांना आता एकच दर' असं पाठ म्हणू लागली तशी ती कडाडली, "अहो बाई, पोरी कशा चालवतात आणि पोरं कशी चालवतात, ते राहू द्या! मी कशी चालवते ते बघा आणि त्याचा दर सांगा!"

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी निघालं, की गाडीत वेग आणि ब्रेक टिपणारी एक पेटी बसवून घ्यायची. नीट चालवली तर दर उतरेल, बेफाम चालवली तर चढेल. स्वस्त नव्हतंच. पण ओढाताण करून निभलं असतं, नोकरी राहिली असती.

आता घरात बसून आपणही असा हिशेब मांडतो का, ते पाहायला हवं. आपल्या वाट्याला सवलत आली की ती हक्काची वाटते, आणि दुसऱ्याच्या वाट्याला शिक्षा आली की ते आकडे वाटतात. माणसाला त्याच्या जातकुळीवरून, बाई-पुरुष असण्यावरून जोखू नये. त्याने स्वतः काय केलं, त्यावरून जोखावं. मग त्यात आपलं नुकसान झालं तरी!

ओर्लाला आत्याचं बोलणं झोंबलंच. फोनवरच्या बाईने शेवटचं विचारलं, "आधीचा काही अपघात, काही नुकसान?"

ओर्लाने किटलीकडे पाहिलं, काहलकडे पाहिलं आणि दात ओठ खात म्हणाली,

"एक खांब आहे. तोही धरा."